लहान मोटारनौकेतील विद्युत इंधनपंपाची सुरक्षित जोडणी : एक विवेचन

प्रस्तावना :

पेट्रोलवर चालणाऱ्या लहान मोटारनौकांमध्ये इंजिनाला इंधन पुरविण्याचे काम दीर्घकाळ यांत्रिक पंपाकडे होते. इंजिनाच्याच गतीवर चालणारा हा पंप इंजिन थांबताच थांबतो. ही सुरक्षितता त्याच्या रचनेतच अंतर्भूत असल्याने तिचा वेगळा विचार करण्याचे कारण पडत नसे. विद्युत पंपाच्या आगमनाने हा संबंध तुटला. बॅटरीत वीज आहे तोवर असा पंप चालत राहू शकतो. इंजिन चालू आहे की बंद, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. तुटलेला हा संबंध तारांच्या जोडणीतून पुन्हा प्रस्थापित करणे, हाच या विषयाचा गाभा होय. अमेरिकेत अशा नौकांचा खासगी वापर मोठ्या प्रमाणावर असल्याने प्रस्तुत विवेचनासाठी तेथील नियमांचा आधार घेतला आहे.

धोक्याचे स्वरूप :

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा सुमारे तीन ते चार पट जड असते. मोटारगाडीतून गळलेले पेट्रोल रस्त्यावर पडते व त्याची वाफ वाऱ्यावर विरते. नौकेचा तळ मात्र पाणी आत येऊ नये म्हणून बंदच असतो. त्यामुळे वाफ तळाच्या पोकळीत, म्हणजे बिल्जमध्ये, साचून राहते. हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण सुमारे 1.4 टक्के झाले की मिश्रण पेट घेऊ शकते. एक घनमीटर बंदिस्त जागेत हे प्रमाण गाठण्यास अवघे 60 ते 80 मिलिलिटर पेट्रोल, म्हणजे अर्ध्या कपाहूनही कमी, पुरेसे होते. ताशी 100 लिटर क्षमतेचा पंप सेकंदाला सुमारे 28 मिलिलिटर इंधन ढकलतो. नळी निसटली असेल किंवा कार्ब्युरेटरची सुईझडप अडकून उघडी राहिली असेल, तर एवढे पेट्रोल सांडण्यास तीन सेकंदही लागत नाहीत. पूर्ण बाष्पीभवनास अधिक वेळ लागतो हे खरे. पण पंप तोवर थांबलेला नसतो.

कोकण किनाऱ्यावरील मोठ्या मासेमारी नौका डिझेलवर चालतात आणि पर्यटकांना फिरविणाऱ्या अनेक लहान नौकांचे इंजिन बाहेरच्या बाजूस, मोकळ्या हवेत असते. म्हणून हा प्रश्न येथे तितक्या तीव्रतेने जाणवत नाही. इंजिन बंदिस्त कप्प्यात आले की मात्र तो कोठेही तोच राहतो.

नियमांची भूमिका :

अमेरिकेत 1971 च्या फेडरल बोट सेफ्टी अॅक्टच्या आधारे तटरक्षक दलाने केलेले नियम संघीय नियमसंहितेच्या 33 व्या शीर्षकातील 183 व्या भागात आढळतात. विद्युत इंधनपंप इंजिन सुरू होताना किंवा चालू असतानाच चालावा, असे त्यांत स्पष्टपणे सांगितले आहे. इंजिनाला इंधन देणारा पंप इंजिनावर अथवा त्यापासून 12 इंचांच्या आत असावा, हीही अट आहे. तिचे कारण मननीय आहे. पंपाच्या अलीकडील नळीत ओढ असते, पलीकडील नळीत दाब असतो. ओढीच्या नळीला चीर पडल्यास बहुधा हवा आत शिरते. दाबाच्या नळीतून पेट्रोल बाहेर उडते. पंप इंजिनाजवळ ठेवल्याने दाबाची नळी आखूड होते. याशिवाय पेट्रोल इंजिनाच्या कप्प्यातील विद्युत साधने ठिणगीने बाहेरील वाफ न पेटविणारी असावी लागतात. दिसायला सारखा आणि स्वस्त म्हणून मोटारगाडीचा पंप बसविणे या कसोटीवर टिकत नाही.

हे नियम मुख्यतः उत्पादकाला बांधतात. यांत्रिक पंप नादुरुस्त झाल्यावर मालक जो बदल करतो, तो तपासणारा कोणी नसतो. खरी जोखीम येथे उद्भवते.

जोडणीची रीत :

पंपाची तार थेट इग्निशन स्विचला जोडणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत चुकीची पद्धत होय. इंजिन अचानक बंद पडले तरी चावी चालू स्थितीतच राहते व पंपही चालत राहतो. वेगळे हाताने चालवायचे बटण लावणे याहून वाईट.

कार्ब्युरेटरयुक्त इंजिनासाठी प्रचलित उपाय म्हणजे वंगणतेलाच्या दाबावर चालणारा तीन टोकांचा स्विच. त्याचे सामाईक टोक पंपाला जाते. दाब नसताना जोडलेले टोक स्टार्टर सोलेनॉइडच्या अशा अग्राशी जोडतात, जेथे केवळ स्टार्टर फिरत असतानाच वीज येते. दाब आल्यावर जोडले जाणारे टोक इग्निशनकडे जाते. इंजिन बंद पडून दाब उतरला की पंप पुन्हा स्टार्टरच्या बाजूस जातो, आणि तेथे तेव्हा वीज नसते. दोनच टोकांचा स्विच घेऊन त्याला समांतर अशी तार स्टार्टरकडून पंपापर्यंत ओढल्यास निराळेच संकट ओढवते. इंजिन चालू असताना वीज त्या तारेने उलट वाहून स्टार्टर गुंतवू शकते. इंधन इंजेक्शनच्या इंजिनात हे काम संगणकीय नियंत्रक रिलेमार्फत करतो. त्या मंडलाला बगल देऊ नये.

पंपाला थेट बॅटरीवरून रिलेमार्फत वीज दिल्यास अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकानुसार फ्यूज बॅटरीपासून 7 इंचांच्या आत असावा. फ्यूज तारेला जळण्यापासून वाचवितो. इंधन सांडण्याशी त्याचा संबंध नाही, हा भेद पुष्कळदा विसरला जातो. तार अनेक बारीक तांब्याच्या तंतूंची, शक्यतो कथिलाचा मुलामा दिलेली असावी. 12 व्होल्टवर 5 अँपिअर घेणारा पंप 5 मीटर दूर असल्यास जाऊन-येऊन 10 मीटर तार लागते. 1.5 चौरस मिलिमीटरच्या तारेत तेव्हा सुमारे 0.6 व्होल्ट, म्हणजे 5 टक्के दाब गळतो. 4 चौरस मिलिमीटरच्या तारेत तो 2 टक्क्यांच्या आत राहतो.

काम सुरू करण्यापूर्वी कप्पा उघडून वारा खेळू द्यावा आणि बॅटरीची ऋण तार सोडवावी. जोडणीनंतर इंधनगळती पाहून, ब्लोअर किमान 4 मिनिटे चालवून मगच चाचणी घ्यावी. पंपाच्या टोकांवर मल्टिमीटर लावून, इंजिन न फिरविता चावी चालू करावी. मापन शून्य हवे. स्टार्टर फिरताना व इंजिन चालू असताना बॅटरीच्या दाबाच्या जवळपास मापन हवे. त्यानंतर इंजिन बंद करून, दाब उतरल्यावर चावी पुन्हा चालू करावी व मापन घ्यावे. स्विचचे संपर्क चिकटलेले असतील तर ते याच वेळी उघड होते, म्हणून प्रत्येक हंगामाच्या आरंभी ही शेवटची चाचणी पुन्हा घेणे आवश्यक ठरते.