उष्टी पेज आणि मातीतले जिवाणू

आजारी माणसाला भरवताना एक गोष्ट आपल्याही ध्यानात आली असेल. वाटीतली तांदळाची पेज आरंभी दाट असते. परंतु तोच चमचा तोंडात व वाटीत फिरत राहिला, की उरलेली पेज थोड्या वेळाने पाणी सुटल्यासारखी होते. हे काम लाळेतल्या अमायलेज या विकराचे, म्हणजेच एन्झाइमचे. पिष्टाच्या लांब साखळ्या तोडून तो त्यांची साखर करतो. पक्षाघातानंतर ज्यांना पातळ पदार्थ गिळताना ठसका लागतो, त्यांच्या बाबतीत मात्र ही गोष्ट गंभीर ठरते. पिष्टाने दाट केलेले पेय पातळ झाले, तर ते श्वासनलिकेत उतरण्याचा धोका वाढतो. म्हणून थोडे थोडे वेगळ्या वाटीत काढून भरवावे. उष्टा चमचा मूळ भांड्यात बुडवू नये.

कारखान्यांनाही याच जातीचा विकर लागतो, आणि तोही फार मोठ्या प्रमाणावर. तेवढी लाळ कोठून आणणार? तो मिळतो मातीतल्या जिवाणूंकडून.

जेथे बटाट्याच्या साली कुजतात, भातगिरणीचा कोंडा सांडतो, तेथली माती यासाठी उत्तम. जेथे अन्न, तेथे खाणारे. एक ग्रॅम माती निर्जंतुक पाण्यात कालवून ते मिश्रण ८० अंश सेल्सिअसला सुमारे दहा मिनिटे तापवतात. बहुतेक जिवाणू मरतात. बॅसिलस कुळातले मात्र बीजाणूंच्या कवचात तग धरतात. मग ते पाणी दर खेपेस दहापट पातळ करीत नेतात आणि त्याचा थेंब पिष्ट मिसळलेल्या आगरच्या बशीवर पसरतात. ऊबेत एकदोन दिवस ठेवल्यावर बशीवर जिवाणूंच्या वसाहतींचे ठिपके उमटतात. आता त्यावर आयोडीनचे द्रावण ओतायचे. शाळेत बटाट्याच्या फोडीवर आपण हाच प्रयोग केला असेल! सारी बशी निळीकाळी होते. ज्या ठिपक्याने भोवतीचे पिष्ट पचवले, त्याच्याभोवती तेवढे स्वच्छ वलय राहते. रुंद वलयाचा जिवाणू निवडून वेगळा वाढवतात.

पण वलयावर भुलून चालत नाही. विकर किती उष्णता सोसतो, जिवाणू निरुपद्रवी आहे की नाही, ही खरी परीक्षा. बॅसिलस लायकेनिफॉर्मिस या जिवाणूचा अमायलेज जवळजवळ उकळत्या तापमानातही काम करतो, म्हणूनच उद्योगाला तो प्रिय. कापडगिरणीत ताण्याच्या सुताची खळ काढणे, कपड्यांवरचे वरणभाताचे डाग धुणे, ही त्या विकरांची कामे. शिवाय मक्याच्या पिष्टापासून लिक्विड ग्लुकोज व माल्टोडेक्स्ट्रिन बनवण्यासाठीही अमायलेजच वापरतात.

मधुमेही वाचकांनी येथे थोडे थांबावे. माल्टोडेक्स्ट्रिन जिभेला जवळजवळ गोड लागत नाही. पण रक्तातली साखर मात्र झपाट्याने वाढवते. पाकिटावर दर्शनी भागी ‘साखर घातलेली नाही’ असे असले, तरी मागची बारीक अक्षरे घरातल्या कोणाकडून तरी वाचून घ्यावीत.

जेवणानंतरच्या पाचक सिरपातले ‘फंगल डायस्टेज’ हे याच विकराचे बुरशीपासून मिळवलेले भावंड. जोकिची ताकामिने या जपानी रसायनज्ञाने १८९४ मध्ये अमेरिकेत त्याचे पेटंट मिळवले. ते सिरप आपण वैद्यकीय सल्ल्याने घेत असाल, तरी त्या बाटलीवरही साखरेचे प्रमाण पाहावे.