कुठवर निघालात?

मराठी माणूस प्रवासात शेजाऱ्याला आधी नाव विचारत नाही. तो विचारतो, ‘कुठवर?’ कोकणात याचं ‘खंय जातास?’ होतं, खानदेशात ‘कथा चालनात, भाऊ?’ होतं. बोली बदलते, क्रम बदलत नाही. आधी कुठवर, मग गाव कुठलं, मग तालुका, मग ‘तिथले पाटील तुमचे कोण लागतात?’ नाव बरंच उशिरा येतं आणि पुष्कळदा येतही नाही. खांद्याला खांदा लावून तीन तास बसलेली दोन माणसं एकमेकांचं नाव न विचारता उतरून जातात. पण तोवर एकाला दुसऱ्याच्या धाकट्या जावयाचा स्वभाव तोंडपाठ झालेला असतो.

या प्रश्नाच्या मुळाशी निव्वळ स्वार्थ आहे, हेही सांगायला हवं. उभा असलेला प्रवासी बसलेल्याला ‘कुठवर?’ विचारतो तो जागा केव्हा मोकळी होणार हे कळावं म्हणून. बसलेलाही ते ओळखून असतो. ‘मी शेवटपर्यंत आहे, पण हे बार्शीला उतरतील बघा,’ असं सांगून तो आपली जागा राखतो आणि शेजाऱ्याची देऊन टाकतो. ओळख सुरू होते ती इथून.

एसटीची पहिली गाडी धावली १ जून १९४८ रोजी, पुणे ते अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. तेव्हापासून या गाडीनं गावं जोडली असं आपण म्हणतो. माझ्या मते माणसं जोडण्याचं श्रेय रस्त्याइतकंच त्या तीन जणांच्या बाकाला द्यायला हवं. तीन माणसांसाठी असलेल्या त्या बाकावर अडीच माणसं नीट बसतात. उरलेल्या अर्ध्यासाठी बोलावंच लागतं. ‘जरा सरकता का?’ म्हटलं की सरकणारा सरकतो, पिशवी मांडीवर घेतो, पिशवीतून कोथिंबीर डोकावते, ‘काय भाव मिळाली?’ असा विषय निघतो. विमानात प्रत्येकाची खुर्ची वेगळी, हाताचा दांडाही वाटून दिलेला. तिथे सरकायला सांगायची सोय नाही. म्हणून बोलणंही नाही.

पण माणूस अनोळखी माणसाजवळ इतकं मोकळं का बोलतो? जे सख्ख्या भावाला सांगत नाही ते खिडकीजवळच्या परक्याला का सांगतो? गेओर्ग झिमेल नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञानं १९०८ साली परक्या माणसावर एक छोटा निबंध लिहिला. परक्याजवळ लोक कबुलीजबाबासारख्या गोष्टी बोलतात, जवळच्यांपासून जपून ठेवलेल्या, असं त्यात त्यानं नोंदवलं आहे. परका आपल्या भावकीतला नाही, आपल्या वादात त्याचा हिस्सा नाही. प्रवासात तर तो पुढच्या थांब्यावर उतरणार असतो. आपलं गुपित त्याच्याबरोबर उतरून जातं. बांधाच्या भांडणाचा निकाल तो कुणाच्या बाजूनंही लावो, गावात त्याची चर्चा होणार नाही.

जुन्या काळच्या प्रवाशांकडे बघितलं की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. इब्न बतूता १३२५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, मोरोक्कोतल्या तांजियर शहरातून हजला म्हणून एकटा निघाला. पुढे जवळजवळ तीस वर्षं तो फिरला. दिल्लीत काझी झाला, आपल्या दौलताबादलाही येऊन गेला आणि तिथल्या गाणाऱ्यांच्या बाजाराचं वर्णन करून गेला. पण मला त्याच्या वृत्तांतातला सर्वांत जवळचा वाटतो तो अगदी सुरुवातीचा प्रसंग. काफिला ट्युनिसला पोचला. गावातले लोक वेशीवर आले, आपापल्या ओळखीच्यांना भेटले, सलाम-दुआ झाली. याला मात्र कुणी विचारलं नाही, कारण याला कुणी ओळखतच नव्हतं. तो रडू लागला. काफिल्यातल्या एका हाजीच्या ते लक्षात आलं. तो जवळ आला, सलाम केला आणि शहरात शिरेपर्यंत याच्याशी बोलत राहिला. बस, एवढंच. पुढे कितीतरी बादशहांचे दरबार पाहिलेल्या माणसाला म्हातारपणी हकिकत सांगताना तो हाजी आठवला.

इस्लाममध्ये मुसाफिराला काही सवलती आहेत. चार रकात नमाजाच्या जागी दोनच, रमजानचा रोजा सोडून तो नंतर पुरा करण्याची मुभा. जकात ज्या आठ प्रकारच्या लोकांना द्यावी असं सांगितलं आहे, त्यात वाटेवर अडलेला प्रवासी आहे. घरी तो श्रीमंत असला तरी वाटेत गरजूच. आपल्याकडच्या धर्मशाळा, मठ, मुसाफिरखाने हे सगळं याच समजुतीतून उभं राहिलं. आणि पाहुणचार करणाऱ्यालाही काही मिळत होतं. त्याला बातमी मिळत होती. वर्तमानपत्र नसलेल्या काळात प्रवासी हेच वर्तमानपत्र. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणेच्या आशेनं उत्तरेकडे निघाले, तेव्हा बंड होणार ही खबर त्यांना महूच्या आसपास वाटेत भेटलेल्या शिपायांकडूनच कळली. परत फिरा, असंही ते म्हणाले. भटजी फिरले नाहीत, म्हणून ‘माझा प्रवास’ हे पुस्तक आपल्याला वाचायला मिळालं.

वाटेवरची ओळख किती घट्ट होऊ शकते, याचा एक दाखला समुद्रापलीकडचा आहे. १८३४ पासून गिरमिटिया मजूर मॉरिशसला जाऊ लागले. त्यांत आपल्या मुलुखातली मराठी माणसंही होती. पुढे त्रिनिदाद, सुरिनाम, फिजी इथेही जहाजं गेली. कित्येक आठवड्यांच्या त्या प्रवासात जात कुठली पाळणार? एकाच जहाजातून आलेले लोक एकमेकांना ‘जहाजी भाई’ म्हणू लागले आणि ते नातं इतकं खरं मानलं गेलं की कित्येक ठिकाणी जहाजी भावांच्या घरांत सोयरीक करणंही निषिद्ध समजत. भावाच्या घरात मुलगी कशी द्यायची! रक्ताचं नातं मागे राहिलं होतं, तेव्हा त्यांनी लाकडाच्या फळीवर नवं नातं तयार केलं.

आता नावाच्या प्रश्नाकडे येतो. तो मला टाळता येत नाही. दोन तास पाऊस, तुरीचा भाव, पोरांच्या नोकऱ्या असं बोलून झाल्यावर शेजारी विचारतो, ‘आपलं नाव?’ मी सांगतो. मग एक क्षण जातो. कधी अर्धा सेकंद, कधी पूर्ण थांबा. ‘अरे वा, मराठी किती छान बोलता तुम्ही!’ हे कौतुक मी आयुष्यात शेकडो वेळा ऐकलं आहे. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. मी म्हणतो, ‘आईनं शिकवलं.’ बहुतेक जण हसतात आणि गाडी पुन्हा तुरीवर येते. मात्र गेल्या काही वर्षांत तो क्षण लांबला आहे. मागे एका तरुणानं नाव ऐकलं, मान डोलावली आणि कानात इअरफोन घातले. त्याला कदाचित गाणीच ऐकायची असतील. पण अशा वेळी माझ्यासारख्याला खात्री देता येत नाही.

दुसरी आठवण बार्शी-लातूर गाडीतली, रमजानातली. शेजारी एक म्हातारी होत्या. त्यांनी फडकं सोडलं, भाकरी, ठेचा, वर तळलेली मिरची. ‘घ्या.’ मी म्हटलं, ‘आजी, रोजा आहे.’ त्यांनी फडकं परत बांधलं. मी म्हणालो, तुम्ही खा हो. ‘तुम्ही उपाशी आन् मी खाऊ व्हय?’ मग त्यांनी विचारलं, ‘कवा सुटतो?’ मी वेळ सांगितली. त्यानंतर दर दहा मिनिटांनी कंडक्टरला ‘किती वाजले रं?’ कंडक्टर वैतागला. शेवटी त्यानंच मागे वळून मोठ्यानं सांगितलं, ‘झाली वेळ, सोडा उपास!’ आणि आख्ख्या गाडीनं माझ्याकडे बघितलं. ठेचा फार तिखट होता.

अर्थात सगळीकडे असं भाबडेपणानं खाऊन चालत नाही. अनोळखी माणसानं दिलेलं खाऊ नका, असं रेल्वे स्थानकांवर सांगतात ते उगाच नाही. गुंगीची बिस्किटं देऊन लुटण्याचे प्रकार झालेले आहेत. पण जुन्या प्रवाशांनी यावरही तोड काढलेली आहे. देणारा डबा दोघांच्या मध्ये ठेवतो आणि पहिला घास स्वतः घेतो. ‘खाऊन दाखवतो’ असं कुणी म्हणत नाही, पण तसंच ते असतं. बोलण्याचेही असेच अलिखित नियम आहेत. पगार, जात, पोटी मुलगा आहे की नाही, हे विचारू नये. आधी स्वतःची एखादी गोष्ट सांगावी, मग समोरच्याची विचारावी. आणि समोरच्यानं डोळे मिटले की गप्प बसावं, मग आपला किस्सा कितीही रंगात आलेला असो.

शिकागोत दोन संशोधकांनी रोज रेल्वेनं आणि बसनं जाणाऱ्या लोकांवर प्रयोग केला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. काहींना सांगितलं, शेजाऱ्याशी बोला. काहींना सांगितलं, एकटे बसा. आधी विचारलं तर लोकांना वाटत होतं की एकटं बसण्यातच सुख आहे. प्रत्यक्षात बोललेल्यांचा प्रवास जास्त सुखाचा झाला. प्रत्येकाला वाटतं की शेजाऱ्याला बोलायचं नाही, आणि शेजाऱ्यालाही तेच वाटतं. आपल्या मुंबईच्या लोकलमध्ये हा प्रयोग करायची गरज नाही. तिथे ठरलेल्या डब्यात भजनी मंडळं आहेत, बायकांच्या डब्यात भाजी निवडली जाते, डोहाळजेवणं होतात, दसऱ्याला डबा सजवतात. चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेल्याला दोन स्थानकांनंतर ‘बस आता तू’ म्हणून उठणारी माणसं मी पाहिली आहेत. पण तिथेही मोबाइलनं हळूहळू माना खाली घातल्या आहेत. वडापच्या जीपमध्ये मात्र अजून बोलणं टिकून आहे, कारण तिथे खिशातून मोबाइल काढायला हात हलवायलाच जागा नसते.

पूर्वी उतरताना तिकिटाच्या मागे पत्ता लिहून द्यायची पद्धत होती. तिकीट हरवायचं आणि पत्ताही. आता नंबर घेतात. माझ्या मोबाइलमध्ये अशी बरीच नावं आहेत: ‘परळी पॅसेंजर’, ‘पंढरपूर चहावाले’, ‘जालना डबा’. यांतल्या ‘जालना डबा’ या गृहस्थांचं खरं नाव मला अजून माहीत नाही, त्यांनाही माझं माहीत नसावं. तुरीचा हंगाम आला की त्यांचा फोन येतो. आधी आमच्याकडे पाऊस किती झाला ते विचारतात, मग त्यांच्याकडचा भाव सांगतात, आणि ‘येऊन जा एकदा’ म्हणून ठेवून देतात.