जाहिरातीची वाट पाहणारी पिढी

२०२४ च्या जूनमध्ये महाराष्ट्र पोलिस दलाच्या १७,४७१ जागांसाठी मैदानी चाचणी सुरू झाली, तेव्हा अर्ज आले होते १७ लाख ७६ हजार. म्हणजे एका जागेमागे शंभर. पात्रता बारावी पास एवढीच, पण अर्जदारांत अभियंते होते, एमबीए होते, पदव्युत्तर झालेलेही होते. ऐन पावसाळ्याच्या तोंडावर मैदानांचा चिखल झालेला, आणि त्यात मुलांनी १६०० मीटर धावायचे. त्याला गुण २०, शंभर मीटरला १५, गोळाफेकीला १५. ‘ग्राउंड’ निघाले तर पुढे लेखी परीक्षा. परगावची मुले आदल्या रात्री एसटी स्थानकात नाहीतर मैदानाजवळच्या फुटपाथवर पथारी टाकतात आणि पहाटे उठून रांगेला लागतात.

ही रांग पाहून शहाणी माणसे दोन शेरे मारतात. एक, मुलांना सरकारी नोकरीचे वेड लागले आहे. दोन, मुलांच्या अंगात कौशल्य नाही. दोन्ही शेरे मला अन्यायाचे वाटतात. बाहेर कोणती कामे आहेत, त्यांत पगार किती, ती टिकतात किती, हे पाहिले की या मुलांचा हिशेब चुकलेला दिसत नाही. चूक शोधायची तर ती त्या कामांत आणि भरतीच्या कारभारात शोधावी लागेल.

आधी एक कोडे सोडवू. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये भारतातील रोजगाराचा अहवाल काढला. त्यातल्या २०२२ च्या आकड्यांनुसार पदवीधर तरुणांमध्ये बेरोजगारी २९.१ टक्के होती आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ३.४ टक्के. शाळेचे तोंड न पाहिलेला मुलगा सुखात आहे असा याचा अर्थ लावणे भयंकर ठरेल. सरकारी पाहणीत वर्षातले ३० दिवस काम केलेला माणूसही रोजगार असलेल्यांत धरला जाऊ शकतो. बीड जिल्ह्यातले विशीतले जोडपे मुकादमाकडून उचल घेते आणि ‘एक कोयता’ म्हणून साखर कारखान्याच्या फडावर जाते. त्या दोघांची नोंद कामकरी म्हणूनच होते. मजूर अड्ड्यावर सकाळी सातला उभा राहणारा, आठवड्यातून तीनदाच काम मिळणारा पोरगाही बऱ्याचदा तिथेच मोजला जातो. गरिबाला बेकार राहणे परवडत नाही. मिळेल ते करावेच लागते. वाट पाहू शकतो तो ज्याच्या मागे चार एकर कोरडवाहू का होईना जमीन आहे, आईचे दागिने आहेत, नोकरीला लागलेला मोठा भाऊ आहे. म्हणून बेरोजगारीचा दर सुधारला, तरुणांमधला दर २०१७-१८ मधल्या १७.८ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये १०.२ टक्क्यांवर आला, असे जाहीर झाले की मी आधी शेतीचा आकडा पाहतो. २०२३-२४ मध्ये देशातले ४६ टक्के कामकरी शेतीत होते आणि हे प्रमाण करोनाआधीच्या वर्षापेक्षा जास्त आहे. शेतीतून माणसे कारखान्याकडे आणि कचेऱ्यांकडे जातील ही विकासाची ठरलेली वाट. आपल्याकडे काही काळ ती उलट चालली.

ही वाट पूर्वी कशी होती ते मुंबईने पाहिले आहे. गिरणगावात रत्नागिरी, साताऱ्याकडचा चौथी-सातवी शिकलेला मुलगा गाववाल्याच्या ओळखीने यायचा, खाणावळीत जेवायचा, आधी बदली म्हणून लागायचा आणि नशिबाने कायम व्हायचा. त्या जगाचे गोडवे मी गाणार नाही. बदली कामगाराची कुतरओढ कमी नव्हती. पण बदलीनंतर कायम होण्याची पायरी होती, संघटना होती, आणि त्या पगारावर गावाकडचे घर उभे राहायचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातल्या बहुतेकांना परत जायला जागाच उरली नाही. त्याच्याही आधी, १९६६ मध्ये, मराठी तरुणांच्या नोकऱ्यांच्या प्रश्नावरच शिवसेना उभी राहिली होती. नोकरीचा प्रश्न महाराष्ट्राच्या राजकारणाच्या मुळाशी किती जुना आहे ते यावरून कळावे.

आज त्या पायरीच्या जागी काय आहे? चाकण, रांजणगाव, वाळूज इथल्या कारखान्यांच्या फाटकाबाहेर पाळी सुटण्याच्या वेळी उभे राहावे. आयटीआय झालेली मुले भेटतात, तीन-तीन कंपन्यांचा अनुभव असलेली. कामाला कंपनीत, पगार काँट्रॅक्टरकडून. कोणी ‘ट्रेनी’, कोणी ‘अप्रेंटिस’. मशीन मात्र कायम कामगाराचेच चालवायचे. सात महिने झाले की ‘ब्रेक’. २४० दिवस सलग भरले तर कायद्याने काही हक्क लागू होतात, म्हणून ते भरू द्यायचे नाहीत. मग दुसरी कंपनी, पुन्हा पहिल्यापासून. संघटित कारखानदारीत कंत्राटी कामगारांचे प्रमाण २०२२-२३ मध्ये ४० टक्क्यांवर गेले होते. या शतकाच्या सुरुवातीला ते जेमतेम २० च्या आसपास होते. पाच वर्षे काम करूनही ज्याला कुशल ठरवणारा एक कागद मिळत नाही, त्याला कौशल्य नाही म्हणून हिणवायचे? कारखान्याने शिकवावे तर शिकून तयार झालेला हात सात महिन्यांनी बाहेर घालवायचा आहे. मग मालक कशाला शिकवील?

म्हणून मुलगा पुण्याला जातो. सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ. जुन्या वाड्यांच्या आणि इमारतींच्या मजल्यांवर अभ्यासिका आहेत, बऱ्याचशा चोवीस तास उघड्या. प्लायवूडच्या आडोशाने तोडलेली दोन-अडीच फुटांची टेबले, वर एक ट्यूबलाइट, मोबाइलचा प्लग, भिंतीला चिकटवलेला अभ्यासक्रम आणि पेनाने लिहिलेले पद: पीएसआय, एसटीआय, उपजिल्हाधिकारी. राहायचे कॉट बेसिसवर, एका खोलीत चार-सहा जण. मेसचा एक डबा दोघांत. बाहेर झेरॉक्सवाल्याकडे टॉपरच्या नोट्स, टेस्ट सिरीज, चालू घडामोडी. घरून पैसे सोयाबीन विकले की येतात, आणि सोयाबीनचा भाव पडला की उशिरा येतात. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गाला वयोमर्यादा ३८, मागासवर्गीयांना ४३. एवढी लांब मुदत दिलासा म्हणून दिली आहे. तिचा दुसरा परिणाम असा की ‘आता बस’ असे मुलाला कोणी सांगत नाही.

अर्थतज्ज्ञ कुणाल मंगल यांनी पुण्याच्या याच पेठांतल्या उमेदवारांचा अभ्यास केला. सरकारी नोकरीची उमेदवारांच्या लेखी जी एकूण किंमत आहे, तिच्यातला किमान दोन तृतीयांश भाग पगाराबाहेरचा आहे, असा त्यांचा अंदाज. त्यात काय येत असेल ते महाराष्ट्रात सांगायला नको: नोकरी जाणार नाही, वडील आजारी पडले तर रजा मिळेल, साहेब शिवी देऊन काढणार नाही, तालुक्याच्या ठिकाणी नावापुढे पद लागेल. त्यांचाच तमिळनाडूचा अभ्यास याहून बोलका आहे. तिथल्या सरकारने २००१ ते २००६ या काळात बहुतेक भरती थांबवली. जागाच नाहीत म्हटल्यावर मुले दुसरीकडे वळतील, असे कोणालाही वाटेल. झाले उलटे. तरुण अधिक काळ बेकार राहून अभ्यास करत राहिले, आणि त्या पिढीची कमाई पुढे अनेक वर्षे मागे राहिली. भरती बंद ठेवून सरकारची जी बचत झाली, ती त्या मुलांच्या आयुष्यातून वसूल झाली.

आपल्याकडे भरती बंद नसते, ती रखडते, आणि तो छळ वेगळा आहे. ११ मार्च २०२१ ला पुण्याच्या लालबहादूर शास्त्री रस्त्यावर हजारो मुले उतरली, कारण तीन दिवसांवर आलेली राज्यसेवा पूर्व परीक्षा पुन्हा पुढे ढकलली होती. त्याच वर्षी डिसेंबरात म्हाडाची परीक्षा पेपरफुटीच्या संशयावरून रद्द झाली, आणि हे जाहीर झाले आदल्या मध्यरात्रीनंतर. तोवर कितीतरी मुले केंद्राच्या गावी पोहोचली होती. त्याच हिवाळ्यात आरोग्य विभागाची भरती आणि शिक्षक पात्रता परीक्षा यांतले गैरव्यवहार उघड झाले. २०२३ ची तलाठी भरती घ्या: जागा सुमारे साडेचार हजार, अर्ज दहा लाखांहून अधिक, खुल्या प्रवर्गाचे शुल्क एक हजार रुपये. कमावत नसलेल्या मुलांकडून इतके शुल्क घेणे मला राज्याला न शोभणारे वाटते. सप्टेंबर २०२३ मध्ये खासगी संस्थांमार्फत कंत्राटी पदे भरण्याचा आदेश निघाला, आणि ओरड झाल्यावर ऑक्टोबरात तो रद्द करावा लागला. २०२४ मध्ये पेपरफुटीविरुद्ध राज्याने कायदा केला, ते बरे झाले. मात्र मंजूर पदांपैकी दोन लाखांहून अधिक रिकामी असताना जाहिरात, परीक्षा, निकाल आणि नियुक्ती यांचे वेळापत्रक कायद्याने बांधलेले नाही. जाहिरातीपासून नियुक्तीपर्यंत दोन-तीन वर्षे जाणार असतील, तर मुलाने मधल्या काळात काय करावे हे कोणी सांगावे. निवड झालेली मुलेही नियुक्तीसाठी उपोषणाला बसलेली आपण पाहिली आहेत.

मुलींच्या वाट्याला एवढीही प्रतीक्षा येत नाही. ‘दोन वर्षं देतो, नाही झालं तर स्थळ बघू,’ हा करार मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत झालेला असतो. मुलाला पाच अटेम्प्ट, मुलीला दोन. तरी अभ्यासिकांत मुलींची टेबले वाढत आहेत, आणि पहाटेच्या रस्त्यावर पोलिस भरतीसाठी पळणाऱ्या मुलीही. आकड्यांत पाहिले तर १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमशक्तीतला सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ वर गेला. टाळ्या वाजवण्याआधी आत पाहावे. वाढीतला मोठा भाग घरच्या शेतात किंवा दुकानात राबणाऱ्या बायकांचा, त्यातल्या अनेकींच्या हाती पगार म्हणून पैसा येतच नाही. मुलांकडची बाजू सोलापुरात डिसेंबर २०२२ मध्ये दिसली. लग्न न जमणारे तरुण बाशिंग बांधून, घोड्यावर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा घेऊन गेले. मोर्चेकऱ्यांनी बोट ठेवले ते गर्भलिंगनिदानामुळे घटलेल्या मुलींवर, आणि ते खरेच आहे. पण शेतकरी मुलगा नको, नोकरीवाला हवा, ही अट गावात कोणालाही विचारा. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात एवढी माणसे का उतरली, याचे एक कारण इथे सापडते. पाच एकरांचे दोन भावांत अडीच-अडीच झाले, शेतमालाचा भाव ठरत नाही, शहरातले काम टिकत नाही. राहता राहिली सरकारी जागा.

शेजारी याच प्रश्नाने सरकार उलथले. बांगलादेशच्या कपडे-उद्योगाने कमी शिकलेल्या लाखो मुलींना काम दिले, पण विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्यांसाठी तसे काही उभे राहिले नाही. ते मुलकी सेवेच्या परीक्षेवर डोळे लावून बसले. सरकारी नोकऱ्यांत ५६ टक्के कोटा, त्यातला ३० टक्के मुक्तियोद्ध्यांच्या वारसांना. २०१८ मध्ये तो रद्द झाला होता. ५ जून २०२४ ला उच्च न्यायालयाने तो पुन्हा आणला आणि विद्यार्थी रस्त्यावर आले. २१ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने ९३ टक्के जागा गुणवत्तेवर ठेवल्या, तोवर गोळीबारात शेकडोंचे जीव गेले होते. ५ ऑगस्टला शेख हसीना देश सोडून गेल्या. श्रीलंकेत हा प्रश्न अर्धशतकापूर्वीच पेटला होता. एप्रिल १९७१ च्या उठावात खेड्यांतली शिकलेली, बेकार मुले होती. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने डडली सीअर्स यांच्या नेतृत्वाखाली तिथे एक पथक पाठवले. शाळा मुलांना ज्या कामांची आस लावते आणि अर्थव्यवस्थेत जी कामे असतात, त्यांतले अंतर हा त्या अहवालाचा गाभा होता. ते अंतर मुलांनी आपली आस आखडती घेऊन मिटवावे, असा सोयीचा उपदेश तेव्हापासून चालू आहे. कामे सुधारून ते मिटवण्याला खर्च येतो.

महाराष्ट्राने एकदा तो खर्च केला होता. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि काम मागणे हा ग्रामीण माणसाचा हक्क ठरला. त्यासाठी शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला गेला. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याची मुळे इथे आहेत. ती हमी अंगमेहनतीच्या कामाची होती. शिकलेल्या मुलासाठी त्या तोडीची कल्पना त्यानंतर राज्याला सुचली नाही. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीला सहा हजार, आयटीआय-पदविकेला आठ, पदवीधराला दहा हजार रुपये विद्यावेतन, सहा महिने. पुढे ती अकरा महिन्यांवर गेली. कार्यालयांत, शाळांत या मुलांनी खरीखुरी कामे केली, मुदत संपली, आणि ती घरी गेली किंवा ‘आम्हाला कायम करा’ म्हणत मोर्चात उतरली. ज्या कार्यालयात माणूस कमी आहे तिथे माणूस शिकवून तयार करायचा आणि मग काढायचा, हा चाकणचाच ‘ब्रेक’ सरकारने स्वतः दिला.

आणि जे परीक्षेतून बाहेर पडतात? तिशी ओलांडलेला, दोनदा मुख्य परीक्षा दिलेला मुलगा गावी परततो. कोणी तालुक्याला क्लास काढतो आणि धाकट्यांना त्याच परीक्षेसाठी तयार करतो, कोणी विमा विकतो, कोणी वडिलांच्या जागी शेतात उतरतो. त्याला राज्यघटना पाठ आहे, पंचायत राज, महसूल कायदा, अर्थसंकल्प वाचता येतो. सहकारी बँका, बाजार समित्या, शेतकरी उत्पादक कंपन्या, ग्रामपंचायती यांना असा माणूस हवाच आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाने मुलाखतीपर्यंत पोहोचून हुकलेल्या उमेदवारांची माहिती, त्यांच्या संमतीने, नोकरी देणाऱ्यांपुढे ठेवण्याची सोय केली आहे. २०२५ मध्ये तिला ‘प्रतिभा सेतू’ नाव मिळाले. पण मुलाखतीपर्यंत पोहोचणारे मूठभर असतात. राज्याने हीच सोय मुख्य परीक्षा दिलेल्यांपर्यंत खाली आणावी, त्यांचे विषयवार गुण तालुक्यातल्या संस्थांना पाहता यावेत, आणि अशा मुलाला कायम जागेवर घेणाऱ्या संस्थेचा पहिल्या दोन वर्षांचा निम्मा पगार राज्याने उचलावा. त्यासाठी नवे खाते काढावे लागणार नाही. गुण राज्य लोकसेवा आयोगाकडे आहेत, संस्थांची नोंदणी सहकार खात्याकडे आहे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी रोजगार कार्यालय आजही उघडते.