सिंहलद्वीपातील आमचा सारथी

श्रीलंकेस जाऊन येणाऱ्या आपल्या सभासद बंधूंची संख्या अलीकडे वाढत आहे. कोणी रत्नांच्या निमित्ताने, कोणी मसाल्याच्या व्यापारासाठी, तर कोणी निव्वळ देशाटन म्हणून मुलाबाळांसह जातात. परत आल्यावर त्यांच्या तोंडून समुद्रकिनारे, हॉटेले आणि हत्ती यांची वर्णने ऐकावयास मिळतात. परंतु ज्या माणसाने त्यांस आठ-दहा दिवस आपल्या गाडीतून सुखरूप हिंडविले, त्याच्याविषयी चार वाक्येही कोणी बोलत नाही. आम्हांस हे अंमळ विचित्र वाटते. २०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही उभयतां त्या देशी नऊ दिवस होतो, आणि तेथील जे काही आम्हांस कळले त्यातील बहुतेक सर्व गाडी हाकणाऱ्या एका गृहस्थाकडून कळले. त्यांचे नाव येथे देत नाही. तशी त्यांचीच इच्छा आहे, आणि तिचे कारण पुढे वाचकांच्या ध्यानी येईल.

कटुनायक विमानतळावर उतरलो तेव्हा ते आम्हांस 'महत्तया' म्हणत होते. म्हणजे आपल्याकडील 'साहेब'. पहिल्या रात्री रत्नपुरास मुक्काम पडला. तेथील पुष्कळ हॉटेलांत चालकांची झोपण्याजेवण्याची व्यवस्था निराळी असते. आम्ही त्यांस आपल्या टेबलावर बोलाविले. बराच वेळ ते खुर्चीच्या कडेला बसून होते. मग आमच्या आहाराचे नियम ऐकून घेतले, उठून सरळ मुदपाकखान्यात गेले आणि आचाऱ्यास बजावून आले. तेथील साध्या भाजीत व खोबऱ्याच्या चटणीतही 'उंबलकड' म्हणजे वाळविलेल्या मासळीची पूड घालण्याची चाल आहे, ही गोष्ट आम्हांस तोवर कोणीच सांगितली नव्हती! त्या दिवसापासून सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपेल अशा बेताने त्यांनी मजला आखल्या. म्हशीच्या दह्यावर घातलेला काळसर पाक पाहून आमच्या सौभाग्यवतींनी हात आखडता घेतला, तेव्हा हा मध नसून कितुल नावाच्या माडाच्या रसाचा पाक आहे, असा खुलासाही त्यांनीच केला. ते स्वतः मासे खाणारे. पण आमच्यासमवेत बसताना त्यांनी ते एकदाही मागविले नाहीत.

तिसऱ्या दिवशी 'महत्तया'चे 'अय्या' झाले, म्हणजे थोरला भाऊ. सौभाग्यवतींस ते 'अक्का' म्हणू लागले. सिंहली भाषेतही थोरल्या बहिणीस अक्काच म्हणतात हे कळल्यावर बेळगावच्या या अक्कांस केवढा हर्ष झाला म्हणून सांगावे! आम्ही त्यांस 'मल्ली', म्हणजे धाकटा भाऊ, म्हणू लागलो. तेव्हा येथून पुढे एकवचनीच लिहितो.

मग गाडीत शब्दांचा खेळच सुरू झाला. आपल्या आठास ते 'अट' म्हणतात, दहास 'दहय', विसास 'विस्स'. गोव्याच्या मंडळींस तर आणखी मौज वाटेल. खिडकीस तेथे 'जनेलय' म्हणतात, पावास 'पान्' आणि अननसास 'अन्नासि'. पोर्तुगीज १५०५ साली लंकेत उतरले आणि १६५८ पर्यंत त्यांचा तेथे अंमल राहिला. त्यांचा तेथील कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली चाले. एकाच धन्याने दोन घरी टाकलेले हे शब्द. रस्त्यावर धावणाऱ्या तीनचाकी गाड्या बहुतेक बजाजच्या. पुण्याचे नाव मल्लीस त्यांच्यामुळेच ठाऊक होते.

रत्नपुरास मल्लीचा एक मामा खाणीत काम करी, म्हणून आम्हांस आत जावयास मिळाले. लाकडी टेकू लावलेली अरुंद विहीर, तळाशी 'इल्लम्' नावाचा रत्नगर्भ खडीचा थर, आणि ती खडी वेताच्या टोपल्यांतून पाण्यात घोळणारे मजूर. निघालेल्या मालात जमीनमालक, परवानेवाला, पंपवाला आणि मजूर यांचे वाटे ठरलेले असतात. मामाने सांगितलेली 'गेउड' दगडांची हकीकत मात्र आपल्या जवाहिऱ्यांनी अवश्य ऐकावी. हे दुधट, मळकट खडे एके काळी तेथे कवडीमोल मानीत. १९७० नंतरच्या दशकात थायलंडचे व्यापारी ते स्वस्तात नेऊ लागले, भट्टीत प्रखर उष्णता देऊन त्यांचे निळेशार नीलम करू लागले, आणि खाणवाल्यांस ही विद्या कळेपर्यंत पुष्कळ माल देशाबाहेर गेला होता. मामाचा आवाज हे सांगताना अजूनही चढत होता.

कँडीहून उत्तरेस निघालो की मातलेच्या आसपास मसाल्याच्या बागा लागतात. अशाच एका फाटकासमोर मल्लीने गाडी हळू केली व म्हणाला, "अय्या, येथे थांबलो तर तुमच्या खरेदीवर मला वाटा मिळेल. तो तुमच्या किमतीतच धरलेला असतो. थांबू की जाऊ?"

आम्ही सारे व्यापारी. दलाली हा आपल्यातील कित्येकांचा पिढीजात धंदा, तेव्हा दलालीस नाक मुरडण्याचा आम्हांस अधिकार नाही. तथापि उघड दलाली निराळी आणि भावात दडवलेली निराळी. मल्लीचे म्हणणे असे की, हा वाटा मिळणारच असे धरून चालकाचा रोज कमी ठेवतात. जो चालक सत्य बोलेल त्याचे घर चालणे कठीण. आम्ही तेथेच त्याचा रोज वाढवून ठरविला आणि फाटक मागे टाकले. पुढे मातले गावात तो स्वतःच्या घरासाठी जेथे दालचिनी घेई, त्या दुकानी त्याने नेले. कागदासारख्या पातळ सालींचे एकात एक गुंडाळलेले थर, बोटांनी सहज चुरा होणारे. सर्वांत बारीक नळीस 'अल्बा' म्हणतात. आपल्याकडे दालचिनी म्हणून विकली जाणारी जाड, टणक साल पुष्कळदा कॅसियाची असते, हे मसालेवाल्या बंधूंस सांगावयास नकोच.

अनुराधपुरास अभयगिरीचा प्रचंड स्तूप दिसू लागला तेव्हा मल्ली गप्प झाला. खोदून विचारल्यावर शाळेत शिकलेली कथा त्याने सांगितली. 'महावंस' ग्रंथात ती आहे. पांडुकाभय राजाने याच नगरीत जोतिय नामक निर्ग्रंथासाठी निवास बांधला होता. पुढे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात वट्टगामणी अभय हा राजा पराभूत होऊन पळत असता गिरी नावाच्या निर्ग्रंथाने त्यास हिणविले. राज्य परत मिळताच राजाने तो आश्रम पाडून तेथे अभयगिरी विहार उभारला. "तुमच्या माणसांची जागा होती, अय्या, सांगू की नको कळेना," तो म्हणाला. आम्ही तिघेही तेथे बराच वेळ उभे होतो.

परतीच्या वाटेवर त्याने स्वतःविषयी सांगितले. २०१९ च्या ईस्टरच्या दिवशी बाँबस्फोट झाले, प्रवासी येईनासे झाले, मग महामारी, आणि २०२२ साली डॉलरचा भाव दोनशे रुपयांवरून साडेतीनशेच्या वर गेला. पेट्रोलच्या रांगेत दोन रात्री तो गाडीतच झोपला. गाडीचे हप्ते थकले. आईने 'दंबदिव'च्या यात्रेसाठी साठविलेले पैसे त्या वर्षी संपले. दंबदिव म्हणजे आपले जंबूद्वीप. बुद्धगयेच्या यात्रेस तिकडे अद्यापि हेच नाव आहे.

आता ती पुन्हा पैसे साठवीत आहे. राजगृह तिच्या यात्रेत आहे आणि आमच्याही, म्हणून तेथे भेटावयाचे ठरले आहे. जानेवारीत तिकडे थंडी असते काय, असे मल्लीने परवा विचारले. असते, आणि सकाळी धुकेही दाट पडते, असे आम्ही कळविले. आईकडे लोकरीचे वस्त्र एकही नाही. अक्कांनी तिच्यासाठी शाल काढून ठेवली आहे.