वायूने जोडलेल्या दीर्घिका

सप्तर्षींच्या परिसरात छोट्या दुर्बिणीतून एकत्र दिसणारी दीर्घिकांची एक जोडी आहे, एम८१ आणि एम८२. १७७४ साली योहान बोडे यांना सापडलेली, आपल्यापासून सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षं दूर. डोळ्यांना दोघी अगदी सुट्या दिसतात. पण हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर रेडिओ दुर्बीण रोखली की चित्रच पालटतं! दोघींमध्ये आणि शेजारच्या एनजीसी ३०७७ या दीर्घिकेपर्यंत वायूचे लांबच लांब पट्टे पसरलेले दिसतात.

असे पट्टे दीर्घिका एकमेकींजवळून गेल्या की तयार होतात. तेव्हा तारे सहसा आदळत नाहीत, मधली अंतरं प्रचंड असतात. वायूचं तसं नाही. कडेचा वायू गुरुत्वाकर्षणाने ओढला जातो, आतला बराचसा फिरण्याचा जोर गमावून केंद्राकडे घसरतो. एम८२ च्या गाभ्यात त्यामुळेच तारे झपाट्याने जन्मताहेत. त्यांचे वारे आणि सुपरनोव्हा मिळून तबकडीच्या वर-खाली हजारो प्रकाशवर्षं वायू उधळतात. हायड्रोजन-अल्फा फिल्टरने काढलेल्या फोटोंत हे लाल धागे दिसतात. यापेक्षा देखणं दृश्य मला तरी माहीत नाही.

मार्च ते मे, अमावास्येच्या आसपास, शहराच्या दिव्यांपासून दूर जाऊन उत्तरेकडे दुर्बीण लावा आणि ही जोडी नक्की पाहा.