‘ट्रॅक काढून दे’ म्हणण्याआधी : सात गैरसमज आणि वस्तुस्थिती

श्रावण संपत आला की दहिवलीत, कर्जतला आणि तिकडे खोपोली-खालापूरपर्यंत एकच मागणी कानावर येऊ लागते : “या गाण्याचा ट्रॅक काढून दे ना!” गणपतीच्या मंडपातली कराओके स्पर्धा, मग नवरात्र, मग शाळांची गॅदरिंग. गाणं मोबाइलमध्ये असतं, गाणारा हौशी गळाही तयार असतो; अडचण एवढीच की मूळ गायक मध्येच गात असतो. त्याला बाजूला करायचं असतं, नाहीतर उलट रियाजासाठी फक्त त्याचाच आवाज हवा असतो. हे काम आता फुकटच्या अ‍ॅपवर काही मिनिटांत होतं. काम सोपं झालं, तसे त्याबद्दलचे गैरसमजही पक्के झाले.

गैरसमज १ : गाण्याच्या फाइलमध्ये गायक आणि वाद्यं वेगवेगळी असतात, सॉफ्टवेअर त्यातलं एक बंद करतं.

वस्तुस्थिती : स्टुडिओत हल्ली ती वेगळी असतात खरी. ढोलकी, कीबोर्ड, बासरी, कोरस, गायक, प्रत्येकाचा ट्रॅक स्वतंत्र. पण मिक्सिंग झालं की आपल्या हाती डावी आणि उजवी अशा दोनच बाजू येतात. सीडीवर प्रत्येक बाजूला सेकंदाला ४४,१०० आकडे असतात, आणि त्यातला प्रत्येक आकडा म्हणजे त्या क्षणी जे जे वाजत होतं त्या सगळ्याची बेरीज. बेरीज १७ आली एवढंच सांगून ‘यात गायकाचे किती आणि ढोलकीचे किती?’ असं विचारावं, तसा हा प्रकार आहे. उत्तरं अनेक निघतात. म्हणून आवाज वेगळा करण्याची प्रत्येक युक्ती हा शेवटी एक अंदाज असतो. कुठला अंदाज बरा आणि कुठला कच्चा, एवढाच फरक.

गैरसमज २ : जुन्या गाण्यांचे सुटे ट्रॅक कंपनीच्या कपाटात पडून असतात.

वस्तुस्थिती : बहुतेक जुन्या गाण्यांचे सुटे ट्रॅक कधी झालेच नाहीत. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोनवरचं ध्वनिमुद्रण सुरू झालं. त्याआधी गायक आणि साथीदार एकाच कर्ण्यासमोर बसत आणि कर्ण्यात जे शिरेल ते तबकडीवर कोरलं जाई. मिरजेला राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या अगदी सुरुवातीच्या तबकड्या या पद्धतीच्या. पुढे सिनेमाच्या गाण्यांत गायकाला वेगळा माइक मिळाला, पण सगळे माइक तिथल्या तिथे मिसळून एकाच पट्टीवर उतरवले जात. एक व्हायोलिनवाला चुकला की गायकासकट सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. अशा गाण्याचा ‘ओरिजिनल मायनस ट्रॅक’ (गायक वगळलेला मूळ ट्रॅक) म्हणून बाजारात जे विकलं जातं, ते बहुधा कुणीतरी नव्याने वाजवून घेतलेलं असतं.

गैरसमज ३ : डाव्या बाजूतून उजवी वजा केली की कुठल्याही गाण्यातला गायक जातो.

वस्तुस्थिती : ही युक्ती जुनी आहे आणि तिच्यामागचं गणित खरं आहे. स्टीरिओ गाण्यात गायक सहसा बरोबर मधे बसवलेला असतो, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखाच. त्यामुळे वजाबाकीत तो शून्य होतो. पण बेस गिटार, मोठा ड्रम आणि बऱ्याचदा ढोलकीही मधेच असते. गायकाबरोबर ही वाद्यंही जातात आणि गाणं पोकळ वाटू लागतं. उलट गायकाला दिलेला एको दोन्ही बाजूंना पसरलेला असल्याने तो मागे उरतो, म्हणून गायक गेला तरी त्याची सावली ऐकू येत राहते. शिवाय या वजाबाकीने वाद्यं मिळतात, सुटा आवाज मिळत नाही.

मोनो गाण्यात तर दोन्ही बाजू हुबेहूब एकच असतात. डावीतून उजवी वजा केली की गायकही गेला, वाद्यंही गेली. हाती पूर्ण शांतता. मराठी भावगीतांचा मोठा ठेवा मोनोच आहे, तेव्हा ‘अ‍ॅप बिघडलंय’ म्हणण्याआधी गाणं मोनो आहे का ते पाहावं.

गैरसमज ४ : इक्वलायझरवर ‘आवाजाचा पट्टा’ खाली ओढला की काम होतं.

वस्तुस्थिती : गायकासाठी राखून ठेवलेला असा पट्टा नसतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाने सा लावला की गळ्यातून सुमारे १३९ हर्ट्झचा मूळ सूर निघतो आणि त्याच्याबरोबर २७७, ४१६, ५५४ असे त्याच्या पटीतले वरचे सूर. पेटीवाल्याने तोच सा धरला की पेटीतूनही हेच आकडे निघतात. दोघं जितके सुरात, तितका गुंता जास्त. वर ‘स’ आणि ‘श’ ही व्यंजनं पाच हजार हर्ट्झच्याही पुढे सळसळतात, आणि टाळांचा किणकिणाटही तिथेच असतो. पट्टा कापला तर गायकाबरोबर पेटी जाते, टाळ जातात; आणि एवढं करून गायक पूर्ण जात नाहीच.

गैरसमज ५ : एआय मूळ आवाज जसाच्या तसा सोडवून देतं.

वस्तुस्थिती : फ्रान्सच्या डीझर कंपनीने नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘स्प्लीटर’ हे आवाज वेगळे करणारं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं, फेसबुकच्या संशोधकांचं ‘डीमक्स’ही त्याच सुमाराचं. आजची बरीच अ‍ॅप अशाच तंत्रावर चालतात. स्प्लीटर गाण्याचा एक नकाशा काढतं : आडवा वेळ, उभी कंपनसंख्या. मग नकाशातल्या प्रत्येक चौकोनात गायकाचा वाटा किती आणि वाद्यांचा किती, याचा अंदाज बांधतं. ज्यांचे सुटे ट्रॅक उपलब्ध आहेत अशी गाणी आधी ऐकवून त्याला हा अंदाज शिकवलेला असतो.

खरी मेख या शिकवणीत आहे. संशोधकांमध्ये सर्वाधिक वापरला जाणारा ‘एमयूएसडीबी१८’ हा संच १५० गाण्यांचा, सुमारे दहा तासांचा, आणि त्यातली बहुतेक गाणी पाश्चात्त्य पॉप-रॉक. ड्रम आणि गिटारवर शिकलेल्या यंत्रापुढे आपण अभंग ठेवतो. मग टाळाचा काही भाग गायकाच्या फाइलमध्ये शिरतो आणि शब्दाच्या शेवटचा ‘स’ वाद्यांच्या फाइलमध्ये जाऊन बसतो. पोवाड्यात शाहीर आणि झीलकरी यंत्राच्या लेखी दोघंही ‘आवाज’च; झीलकऱ्यांचं ‘जी जी’ ठेवून फक्त शाहीर काढ, हे त्याला सहसा जमत नाही. सगळ्यांत अवघड नाट्यसंगीत. सारंगी गळ्यासारखीच मींड घेते, ऑर्गन गायकाच्या पावलावर पाऊल टाकतो. अशा वेळी सारंगीचे तुकडे गायकाच्या खात्यात जमा होतात.

तरीही हे तंत्र थोर आहे, आणि मोनोपुढे ते हात टेकत नाही. बीटल्सच्या जॉन लेननने १९७०च्या दशकाच्या अखेरीस घरी साध्या कॅसेटवर पियानो वाजवत एक गाणं गाऊन ठेवलं होतं. पियानो आणि टेपवरची विजेची घरघर यांखाली गळा दबल्यामुळे १९९५ मध्ये उरलेल्या बीटल्सनी ते पूर्ण करण्याचा प्रयत्न सोडून दिला. पुढे पीटर जॅक्सन यांच्या चमूने माहितीपटासाठी विकसित केलेल्या तंत्राने तो गळा सुटा झाला आणि २ नोव्हेंबर २०२३ रोजी ‘नाऊ अँड देन’ प्रसिद्ध झालं.

गैरसमज ६ : म्हणजे लेननचा आवाज एआयने बनवला.

वस्तुस्थिती : नाही. लेनन जे गायला होता तेच सोडवून घेतलं. नवा आवाज बनवणं हे वेगळं काम. ए. आर. रहमान यांनी ‘लाल सलाम’ (२०२४) या तमिळ चित्रपटातल्या एका गाण्यासाठी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज एआयने घडवले. त्यासाठी कुटुंबीयांची परवानगी घेतली आणि मानधनही दिलं. परवानगीशिवाय असं करण्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंग यांना आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांना अंतरिम संरक्षण दिलं आहे. दोन्ही कामांचा एक दुवा मात्र लक्षात ठेवावा : नकली आवाज घडवायला आधी सुटा आवाज लागतो, आणि तो याच अ‍ॅपमधून मिळतो.

गैरसमज ७ : गायक काढून टाकला की कॉपीराइटही निघून जातो.

वस्तुस्थिती : उरलेली वाद्यं त्याच ध्वनिमुद्रणाचा भाग आहेत. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो. शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे. ते कवी आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये गाजलं, पण त्याचे कवी गदिमा (ग. दि. माडगूळकर) १९७७ मध्ये गेले आणि संगीतकार बाबूजी (सुधीर फडके) २००२ मध्ये. म्हणून शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आणि चालीवरचा २०६२ अखेरपर्यंत आहे. घरी स्वतःच्या रियाजासाठी ट्रॅक काढला तर कायदा सवलत देतो. तोच ट्रॅक यूट्यूबवर चढवला किंवा विकला की ती सवलत उरत नाही.

मग करायचं काय?

फाइल चांगली घ्यावी, निम्मं काम तिथेच होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेल्या एमपी३मधले बारीक तपशील आधीच गळालेले असतात. तिची वेव्ह फाइल केल्याने ते परत येत नाहीत. सीडी असेल तर तीच वापरावी. अ‍ॅपमध्ये चार-पाच भाग मागण्यापेक्षा आवाज आणि वाद्यं असे दोनच मागावेत. पट्टी बदलायची तर आवाज काढून झाल्यावर बदलावी, आणि एक-दोन स्वरांपलीकडे जाऊ नये. ट्रॅक मोबाइलच्या स्पीकरवर पास करू नये. हेडफोनवर, ओळींच्या मधल्या जागा ऐकाव्यात; उरलेला गायक तिथे सापडतो. मंडपातल्या मोठ्या स्पीकरवर तो सगळ्यांनाच सापडतो.

नव्या चित्रपटगीताला एवढं पुरतं. अभंग किंवा नाट्यपद गायचं असेल तर मात्र अ‍ॅपच्या नादी न लागता पेटीवाला आणि तबलजी गाठावा. कर्जत-खालापूरच्या भजनी मंडळांत दोघंही मिळतील, आणि त्यांच्या साथीला गाताना आपल्या श्वासाप्रमाणे लयही जरा ढिली सोडता येईल.