खेळण्यांची पेटी करताय? आधी झाकणाचे पाहा

आखाजीला लेकी माहेरी आल्या, की रावेरकडच्या घरांत ओसरीभर खेळणी पसरतात. भातुकली, भोवरे, पोळ्याचे राहिलेले मातीचे बैल, प्लॅस्टिकच्या गाड्या. कुणाचा तरी पाय त्यावर पडतो आणि मग माळ्यावरची जुनी ट्रंक किंवा रिकामी धान्याची कोठी पोरांसाठी खाली उतरते. मायबहिणींनो, इथेच जरा थांबा.

मार्च २०२१ मध्ये राजस्थानातील बिकानेर जिल्ह्यात हिंमतासर गावी पाच मुले खेळता खेळता धान्याच्या रिकाम्या कोठीत उतरली. वरून झाकण बसले, ते आतून उघडेना. पाचही मुले गुदमरून गेली. लपाछपी खेळणाऱ्या पोराला पेटी म्हणजे लपायची जागाच वाटते.

म्हणून बिनझाकणाची वस्तू सर्वांत बरी. बुरुडाकडची रुंद तोंडाची टोपली घ्या. हलकी असते, पोराला स्वतः ओढत नेता येते, खेळणी आवरायची सवयही लागते. धुळीसाठी वर जुन्या लुगड्याचा तुकडा टाकला की झाले.

झाकणाची लाकडी पेटीच हवी असेल, तर सुताराला चार गोष्टी बजावून सांगा. कडी-कोयंडा अजिबात नको. दोन्ही बाजूंना हवेसाठी भोके ठेवायची. मागे ठेवली तर ती भिंतीला टेकून बुजतात. झाकण हलक्या फळीचे करायचे आणि पुढच्या काठाला बोटभर फट सोडायची, म्हणजे बोटे चेंगरणार नाहीत. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. झाकण जिथे सोडाल तिथेच थांबेल, असा टेकू बसवून घ्यायचा. पुष्कळ जण साखळी लावून निश्चिंत होतात. पण साखळी झाकणाला मागे पडू देत नाही, एवढेच. ते पुढे आपटायचे ते आपटतेच. नुकते उभे राहू लागलेले मूल काठाला धरून आत वाकते, तेव्हा ते नेमके मानेवर येते. पेटी घरी आली की झाकण अर्धे उघडून सोडून पाहा. पडले, तर सुताराकडे परत.

पेटीला चार बोटे उंच पाये असू द्या. खालून झाडू फिरला की विंचवाला थारा राहत नाही.

आपल्या केळीच्या मुलखात फवारणीच्या औषधांची खोकीही घरात शिरतात. चांगली मजबूत असतात, म्हणून मोह होतो. ज्या खोक्यावर, डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असेल, ते धुऊनपुसूनसुद्धा खेळण्यांना वापरू नका. लहान मूल हाती येईल ते तोंडात घालते. त्यापेक्षा केळी भरायचे कोरे पुठ्ठ्याचे खोके चालेल. पावसाळ्यात ओल धरते, तेव्हा बदलायचे.

आणि ती रिकामी कोठी? तिला आजच कुलूप घाला, किल्ली उंच खुंटीवर ठेवा.